बुटांच्या खोक्यातले खेळगडी

अमेरिकेत चार वयस्क पुरुषांच्या बैठकीत बसण्याचा योग आला, तर एक कहाणी हमखास ऐकावयास मिळते. कहाणीचा नायक दहा-बारा वर्षांचा मुलगा. त्याचा ठेवा म्हणजे बुटांच्या रिकाम्या खोक्यात रबरबँड लावून ठेवलेल्या, बेसबॉलपटूंच्या चित्रांच्या गड्ड्या. आणि खलपात्र म्हणाल तर साक्षात जन्मदात्री! मुलगा कॉलेजात किंवा पलटणीत जातो, आई त्याची खोली झाडावयास घेते, आणि खोके कचऱ्याच्या गाडीत पडते. पुढे तीस-चाळीस वर्षांनी त्या खोक्यातील एकेका चित्राचा लिलाव होऊ लागतो, आणि बिचारी म्हातारी सणासुदीच्या पंगतीत लेकाचे टोमणे खाते. न्यू जर्सीत माझ्या थोरल्या बंधूंच्या घरी गेलो असताना ही कहाणी मी एकाच आठवड्यात तिघा शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकली. तिघांच्याही खोक्यात मिकी मँटल नावाच्या खेळाडूचे कार्ड होते म्हणे. इतक्या साऱ्या खोक्यांतून मँटल शिल्लक राहिला असता, तर त्याला आज कोणी विचारले नसते, ही गोष्ट मात्र तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलेली दिसली नाही.

वाचकांपैकी ज्यांनी लहानपणी काडेपेटीचे छाप जमविले असतील, त्यांना या गृहस्थांचे दुःख वेगळे समजावून सांगावयास नको. पानवाल्याच्या ठेल्यापुढे पडलेल्या रिकाम्या पेट्या उचलाव्या, वरचे चित्र पाण्यात भिजवून अलगद सोडवावे, वहीत दाबून वाळवावे, आणि मग एका वाघाला दोन घोडे असा भाव करीत वाडाभर हिंडावे, हा व्यापार आम्हीही पुष्कळ केला आहे. पण आमच्या छापांवर वाघ, घोडा, जहाज, फार तर एखादी देवी. अमेरिकेतील मुलांच्या हाती आली ती जिवंत माणसे. आजच्या वर्तमानपत्रात ज्यांच्या कालच्या खेळाची हकीकत आहे अशी माणसे. फरक पडला तो तिथे. आणि या माणसांना मुलांच्या खिशात प्रथम कोणी पोहोचविले, असे विचाराल तर उत्तर मोठे चमत्कारिक आहे. त्यांना पोहोचविले तंबाखूवाल्यांनी.

तसे पाहिले तर याही आधी, १८७० च्या सुमारास, न्यूयॉर्कच्या पेक आणि स्नायडर या खेळसाहित्याच्या दुकानाने एका बाजूस संघाचे छायाचित्र व दुसऱ्या बाजूस आपली जाहिरात अशी कार्डे वाटली होती. पण ती दुकानदाराची जाहिरात; तिला छंदाचे रूप नव्हते. छंद सुरू झाला तो सिगारेटच्या पाकिटातून. त्या काळची पाकिटे मऊ कागदाची. खिशात टाकले की आतल्या सिगारेटी चुरगळावयाच्या. म्हणून आत एक ताठ पुठ्ठा घालीत. कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक दुसरे चित्र मिळविण्यासाठी दुसरे पाकीट घेईल, हे व्यापाऱ्याच्या डोक्यात येण्यास किती वेळ लागणार? नट्या, राजे, पक्षी, निरनिराळ्या देशांची निशाणे अशी चित्रे निघाली, आणि त्यांच्याच रांगेत बेसबॉलचे खेळाडू येऊन उभे राहिले. व्हर्जिनियातील रिचमंडच्या ॲलन आणि गिंटर या कंपनीने १८८७ साली पन्नास जगज्जेत्यांची माला काढली. तीत मुष्टियोद्धे आणि नेमबाज यांच्या पंगतीस दहा बेसबॉलपटू होते.

न्यूयॉर्कची गुडविन कंपनी ‘ओल्ड जज’ नावाची सिगारेट काढीत असे. तिने खेळाडूंची खरीखुरी छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून पाकिटांत घातली. ही चित्रे मला फार आवडतात. त्या वेळच्या कॅमेऱ्याला धावता चेंडू टिपण्याची ताकद नव्हती. म्हणून खेळाडूला छायाचित्रकाराच्या खोलीत रंगविलेल्या पडद्यापुढे उभा करीत आणि चेंडू छताला दोरीने टांगीत. मोठ्या मिशांचा तो धिप्पाड गडी दोरीला लटकलेल्या चेंडूकडे असा काही रोखून पाहतो आहे की, जणू सारे मैदान श्वास रोखून बसले आहे! नीट न्याहाळले तर काही चित्रांत दोरीसुद्धा दिसते. मुलांनाही ती दिसत असणारच. पण ज्यांना विश्वास ठेवावयाचा आहे, त्यांना दोरीची अडचण वाटत नाही.

पुढे १८९० साली ड्यूक नावाच्या धोरणी गृहस्थाने, सिगारेट वळणाऱ्या यंत्राच्या बळावर, पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी हा अजस्र मक्ता उभा केला. ॲलन-गिंटर त्यात आले, गुडविनही आले. आता स्पर्धाच उरली नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला चित्राची लालूच कशाला दाखवा? थोड्याच वर्षांत पाकिटांतील खेळाडू नाहीसे झाले. ते परत आले १९०९ साली. त्या मालेला संग्राहकांच्या भाषेत ‘टी-२०६’ असे रुक्ष नाव आहे. पांढऱ्या कडांची, सुरेख रंगांत छापलेली, जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडी अधिक उंच अशी ही कार्डे. १९११ पर्यंत ती निघत होती, आणि प्रकार मोजले तर पाचशेंच्या वर भरतात. तंबाखूच्या दुकानाबाहेर मुले घोळका करून उभी राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सभ्य गृहस्थापुढे हात पसरून चित्र मागत. म्हणजे बाप ओढणार, मुलगा जमविणार, आणि तो मुलगा मोठा झाला की तोही ओढणार, असे हे चक्र.

हे चक्र एका माणसाला खटकले, अशी आख्यायिका आहे. होनस वॅग्नर हा पिट्सबर्गच्या संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानातल्या अगदी धावपळीच्या जागेचा क्षेत्ररक्षक, आणि फलंदाजही अव्वल. जर्मनीहून आलेल्या एका खाणकामगाराचा हा मुलगा. स्वतःही पोरवयात कोळशाच्या खाणीत राबलेला. त्याची संमती मिळवून देण्याचे काम जॉन ग्रूबर या वार्ताहराकडे आले; मोबदला दहा डॉलर. वॅग्नरने संमती नाकारली. आपल्या चित्रापायी पोरांनी सिगारेटी घ्याव्या हे आपल्याला रुचत नाही, असे त्याचे म्हणणे होते. आणि ग्रूबरचे नुकसान नको म्हणून त्याने स्वतःच्या पदरचा दहा डॉलरचा चेक त्याला पाठवून दिला, असे त्या वेळच्या क्रीडापत्रात आले आहे. दुसरा पक्ष म्हणतो की, वॅग्नर स्वतः तंबाखू चघळीत असे. त्याला पैसे हवे होते, ते न मिळाल्याने तो रुसला. मला विचाराल तर पैशासाठी रुसलेला माणूस पदरचा चेक पाठवीत नाही. ते काहीही असो. छपाई थांबली तोवर थोडी कार्डे बाहेर पडली होती. आज त्यांतील साठेकच ठाऊक आहेत, आणि २०२२ साली त्यांतील एकाला साडेबाहत्तर लाख डॉलर मिळाले. ज्याने आपले चित्र विकू दिले नाही, त्याचेच चित्र असे विकले जावे!

तंबाखूचा मक्ता १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने मोडला. त्यानंतर मुलांचे हे दैवत आधी मिठाईच्या आणि मग च्युइंगगमच्या दुकानात गेले. आता मुलाला दुसऱ्यापुढे हात पसरावयास नको. एक पेनी दिली की गमचा चपटा तुकडा आणि सोबत खेळाडू. पण व्यापारी तो व्यापारीच. बॉस्टनच्या गाउडी कंपनीने १९३३ साली २४० कार्डांची माला काढली. बेब रूथ या सर्वांत लोकप्रिय खेळाडूची तीत चक्क चार कार्डे होती, आणि १०६ क्रमांकाचे मात्र एकही नव्हते! मुले बिचारी १०६ च्या आशेने गम चघळीत राहिली. मंदीचे दिवस, पेनीसुद्धा सहज मिळण्यासारखी नव्हती. अखेर तक्रारींची पत्रे आली, तेव्हा पुढल्या वर्षी कंपनीने ते कार्ड छापून पत्रे लिहिणारांना टपालाने धाडले. त्यावर चित्र होते नॅप लाजवे या कित्येक वर्षांपूर्वी खेळ सोडलेल्या जुन्या वीराचे. लबाडी उघडी पडल्यामुळे जन्मास आलेले हे कार्ड आज त्या मालेतील सर्वांत दुर्मिळ रत्न मानले जाते.

खोक्यातल्या गड्ड्या इतिहास म्हणून चाळावयाच्या, तर त्यांत कोण नाही हेही पाहिले पाहिजे. ओल्ड जजपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत चित्रेच चित्रे. पण काळ्या खेळाडूंना अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये जागा नव्हती, म्हणून सिगारेटच्या वा गमच्या या प्रसिद्ध मालांमध्येही नव्हती. त्यांच्या वेगळ्या लीग होत्या, तिथे जॉश गिब्सनसारखा फलंदाज होता. तो १९४७ च्या जानेवारीत वारला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला व ती भिंत पडली. सॅचेल पेज या अद्भुत पिचरला, म्हणजे त्यांच्या गोलंदाजाला, मोठ्या लीगने बोलाविले तेव्हा तो ४२ वर्षांचा होता; गमच्या पाकिटात तो शिरला तोही त्यानंतरच. त्या वेगळ्या लीगचे आकडे मोठ्या लीगच्या अधिकृत नोंदींत सामील झाले, ते थेट २०२४ साली. गिब्सनची सरासरी तेव्हा साऱ्यांच्या वर जाऊन बसली. हार्लेमच्या एखाद्या मुलाला १९३३ साली आपल्या वीराचे चित्र हवे असते, तर कितीही गम चघळून ते मिळणार नव्हते. लाजवेसाठी पत्र लिहिता येत होते. याच्यासाठी कोणास लिहावयाचे?

युद्धात कागद दुर्मिळ झाला. शाळाशाळांतून रद्दी गोळा होऊ लागली, आणि कित्येक गड्ड्या देशभक्तीपायी गेल्या. शांतता झाल्यावर फिलाडेल्फियाच्या बाउमन कंपनीने पुन्हा कार्डे काढली. पण आज ‘बेसबॉलचे कार्ड’ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते, त्याचा कर्ता ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीतील साय बर्जर हा तरुण. त्याने एका सहकाऱ्याच्या मदतीने आपल्या घरी स्वयंपाकघरातील टेबलावर कात्री, पुठ्ठे घेऊन १९५२ ची माला आखली. कार्ड मोठे, रंग ठसठशीत, पुढे खेळाडूची सही आणि संघाचे चिन्ह, मागे त्याची उंची, वजन, जन्मगाव, आणि गेल्या वर्षीचे व एकूण कारकिर्दीचे आकडे. शाळेत दशांश अपूर्णांकापुढे हात टेकणारी पोरे फलंदाजीच्या सरासरीचे तीन तीन आकडे घडाघडा म्हणू लागली. गणिताच्या मास्तरांना हे साधले नव्हते.

आणि मुलांनी या कार्डांचे केले तरी काय? जपले, असे आपण समजतो. पण ते पूर्ण खरे नाही. मुलांनी ती वापरली. छापा-काट्याप्रमाणे उडवून पैजा लावल्या. भिंतीवर फेकून कोणाचे अधिक जवळ पडते ते पाहिले. नावडत्या खेळाडूला मिशा काढल्या. संघ बदलला की पेनाने जुने नाव खोडले. आणि सर्वांत मोठी चैन म्हणजे कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याने कार्ड सायकलला असे अडकवायचे की, चाक फिरताच तारांवर आपटून मोटारसायकलसारखा फटफटाट व्हावा. कित्येक नामवंत ब्रुकलिनच्या गल्ल्यांतून असे झिजून गेले.

१९५२ च्या मालेचा शेवटचा हप्ता उन्हाळ्याच्या अखेरीस निघाला. तोवर शाळा उघडावयास आल्या, मुलांना फुटबॉलचे वेध लागले. दुकानदारांनी माल घेतला नाही. पेट्याच्या पेट्या कोठारात पडून राहिल्या. बर्जरने त्या जत्रांतून विकावयास पाहिल्या, स्वस्त केल्या. कोणी हात लावीना. पुढे १९६० साली कोठारात जागा हवी झाली, तेव्हा त्याने त्या पेट्या कचऱ्याच्या पडावावर लादल्या आणि स्वतः सोबत जाऊन अटलांटिक समुद्रात नेऊन बुडविल्या. ही हकीकत खुद्द त्यानेच अनेकदा सांगितली आहे. ३११ क्रमांकाचा मिकी मँटल त्याच हप्त्यातला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या एका कोऱ्या करकरीत कार्डाला १ कोटी २६ लाख डॉलर आले. त्या शेजाऱ्यांच्या आयांना उगाच दोष. सर्वांत मोठे खोके तर कारखानदारानेच समुद्रात फेकले होते.

बर्जर समुद्रावर गेला त्या सुमारास न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एक कृश गृहस्थ टेबलाशी बसून कार्डे चिकटवीत होता. त्याचे नाव जेफरसन बर्डिक. सिराक्यूजच्या एका विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडण्याचे काम तो करी. लग्न केले नाही. संधिवाताने बोटे वाकडी झाली होती. बेसबॉलचा त्याला विशेष नाद नव्हता. त्याला नाद होता छापील कागदाचा. जाहिरातीची कार्डे, शुभेच्छापत्रे, सिगारेटची चित्रे, जे जे लोक टाकून देतात ते ते त्याने जमविले, आणि १९३९ साली त्या साऱ्याची वर्गवारी लावणारी सूची छापली. ‘टी-२०६’ हे नाव त्याचेच. ‘टी’ म्हणजे टोबॅको. त्याच्या सूचीत वॅग्नरची किंमत पन्नास डॉलर होती, आणि तीही त्या वेळी लोकांना अतोनात वाटे.

आपला सारा संग्रह, तीन लाखांवर नग, त्याने संग्रहालयाला देऊन टाकला. अट एवढीच की, तो नीट लावून ठेवावा. लावणार कोण? तोच. नोकरी सुटल्यावर १९५९ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला येऊन राहिला आणि वाकड्या बोटांनी शेकडो अल्बम भरीत बसला. १९६३ च्या जानेवारीच्या १० तारखेला शेवटचे कार्ड चिकटवून त्याने कोट अंगावर चढविला, आता मी परत यावयाचा नाही असे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात दाखल झाला. मार्चमध्ये तो वारला. त्या अल्बमांतील तीस हजारांहून अधिक कार्डे एकट्या बेसबॉलची आहेत. आजच्या संग्राहकाला त्यांच्या पाठीवरचा डिंक आठवला तरी अंगावर काटा येतो. कारण डिंक लागला की बाजारात किंमत गेली. बर्डिकला बाजारात जावयाचेच नव्हते.

बाजार आला तो त्याच्यानंतर. साठ-सत्तरच्या दशकांत, खोकी गमावलेली मुले मिळवती झाली आणि आपले बालपण विकत घेऊ लागली. भाव चढले. १९८१ पासून टॉप्सला प्रतिस्पर्धी आले, १९८९ साली अपर डेक नावाची कंपनी चकचकीत महाग कार्डे घेऊन उतरली, आणि शहाण्यासुरत्या माणसांनी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून कार्डांच्या सीलबंद पेट्या घेऊन ठेवल्या. कारखाने अब्जावधी कार्डे छापीत सुटले. गमचा डाग पडून किंमत उतरते म्हणून, नव्वदच्या दशकाच्या आरंभी टॉप्सने गमच काढून टाकला! पुढे कार्डाला गुण देणाऱ्या संस्था निघाल्या. कार्ड पारदर्शक डबीत कायमचे बंद करावयाचे आणि दहापैकी आकडा लावावयाचा. त्यांतील एका नामांकित संस्थेने अगदी प्रथम ज्या वॅग्नरला उत्तम गुण दिले, त्याच्या कडा आपणच कापून सरळ केल्या होत्या, असे एका लिलाववाल्याने २०१३ साली न्यायालयात कबूल केले.

माझा पुतण्या याच भरतीच्या काळातला. थोरले बंधू १९७८ साली तिकडे स्थायिक झाले. हा तिथेच जन्मलेला. १९८८ ते १९९२ या काळात त्याने खाऊचे, वाढदिवसाचे, बर्फ उपसल्याचे सारे पैसे कार्डांत घातले. एकूण अकरा खोकी. आणि ती टिकली, कारण आमच्या वहिनी. अमेरिकन आया खोली झाडतात. वहिनींनी चाळीस वर्षांत दह्याचा रिकामा डबासुद्धा टाकलेला नाही. तळघरात कार्डांची खोकी डांबराच्या गोळ्या घालून, जुन्या साडीत बांधून ठेवली होती. मला दाखविताना त्या म्हणाल्या, “भाऊजी, इथल्या बायकांनी टाकली म्हणून पस्तावल्या ना? आपण नाही टाकली.”

पुतण्याने गेल्या खेपेस मला सोबत घेऊन दोन खोकी एका व्यापाऱ्याला दाखविली. तो भला माणूस होता. दहा-बारा कार्डे चाळून त्याने खोके हळूच आमच्याकडे सरकविले आणि मागच्या खोलीचे दार उघडून दाखविले. तिथे छतापर्यंत अशीच खोकी होती. त्याच वर्षांची, तीच माणसे. सर्वांनीच जपल्यामुळे ती कोणालाच नको होती. परतताना मोटारीत पुतण्या म्हणाला, “काका, आईला सांगायचं नाही.” मी बरे म्हटले. वहिनींनी दारातच विचारले, त्याने सांगितले, “व्यापारी म्हणाला, आणखी थोडी वर्षं ठेवा.” वहिनींना ते पटले. साडीची गाठ पुन्हा बसली.

एक खोके मात्र वरच राहिले होते. संध्याकाळी त्याची आठ वर्षांची मुलगी ते अंगणात घेऊन बसली. दोन कार्डे निवडली, वहिनींच्या दोरीवरचे, दादरहून नेलेले लाकडी चिमटे काढले आणि आपल्या सायकलच्या मागच्या चाकाला कार्डे लावली. ही विद्या तिला कोणी शिकविली कोण जाणे. उतारावरून ती निघाली तसा असा काही फटफटाट झाला की, पलीकडच्या घरातले ते म्हातारे शेजारी पायरीवर येऊन उभे राहिले. पुतण्या आधी हसला. मग एकाएकी त्याचा चेहरा बदलला, आणि “अगं थांब, कोणाची घेतलीस ते आधी पाहू दे!” असे ओरडत तो अनवाणीच तिच्या मागे धावला.